पिल्लू घरी आलं त्याच आठवड्यात ट्रेनिंग: पुण्यातल्या एका होम ट्रेनर ताईंचा रिव्ह्यू

घरी कुत्र्याचं पिल्लू आलंय किंवा येणार आहे आणि "ट्रेनिंगचं सहा महिन्यांनी बघू" असं ज्यांचं चाललंय त्या सगळ्यांसाठी लिहितेय. आम्ही कर्वेनगरला राहतो, तिसरा मजला, टू बीएचके, घरात मी, नवरा, पाचवीतली मुलगी आणि सासूबाई, ज्यांना आम्ही आईच म्हणतो. जूनमध्ये शेजारच्या बांधकामाच्या साइटवर झालेल्या पिल्लांपैकी एक आमच्याकडे आलं. इंडी आहे, म्हणजे आपलं देशी कुत्रं, रंग बघून मुलीने नाव ठेवलं खारी. आली तेव्हा साधारण आठ आठवड्यांची होती आणि आल्या आल्याच आम्ही घरी येऊन शिकवणाऱ्या एका ट्रेनर ताईंचा पपी कोर्स लावला. ताईंचं नाव-नंबर टाकत नाहीये, त्या एकट्याच काम करतात, आत्ताच वेटिंग आहे आणि त्यांनी स्वतःच नको म्हणून सांगितलंय. पण त्या काय करतात, का करतात, त्यातलं आम्हाला काय कामाला आलं आणि काय नाही ते सगळं लिहिते, म्हणजे तुम्ही कुठेही असाल आणि कुणालाही लावणार असाल तरी काय विचारायचं ते कळेल.

आधी पैशाचं. कोर्स सहा आठवड्यांचा, आठवड्यातून एकदा घरी येतात, तास-सव्वा तास बसतात, फी ९,००० रुपये. त्यानंतर पिल्लू सहा महिन्यांचं होईपर्यंत व्हॉट्सॲपवर काही विचारलं की उत्तर देतात. ट्रीट, खेळणी, पट्टा यातलं काही त्या विकत नाहीत, मला ही गोष्ट खूप आवडली, कारण त्यामुळे "हे घ्या, ते घ्या" असं प्रेशर अजिबात नसतं. रक्कम थोडी नाही हे मान्य, पण नुसतं "सिट" आणि "शेकहँड" शिकवायचे हे पैसे नाहीत, ते तर यूट्यूबवर बघूनही होतं.

ताईंच्या आधी आम्ही दुसऱ्या एका ट्रेनर सरांना फोन केला होता. ते म्हणाले पिल्लू आहे अजून, सहा महिन्यांचं होऊ द्या, तोवर नुसतं खेळवा, मग मी चोक चेन (ओढली की गळ्याला आवळते ती साखळी) लावून पंधरा दिवसांत लायनीवर आणतो, कुत्र्याला घरात मालक कोण ते कळलं पाहिजे. हे "मालक कोण" प्रकरण इतक्या लोकांकडून ऐकलंय ना, की ते कुठून आलं ते लिहितेच. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांच्या मारामाऱ्यांवर लिहिलं, त्यातून अल्फा लांडगा ही कल्पना पसरली आणि पुढे ती कुत्र्यांनाही चिकटवली गेली. नंतर डेव्हिड मेक यांनी कॅनडात मोकळ्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, एक कुटुंब, तिथे गादीसाठी रोज भांडणं नसतात. म्हणजे कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांवरून काढलेला निष्कर्ष आपण सहा महिन्यांच्या पिल्लाच्या गळ्यात साखळी घालायला वापरतोय. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तन बघणाऱ्या व्हेट्सच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितलंय की सगळ्या कुत्र्यांना बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीनेच शिकवावं, मारून, झटके देऊन किंवा घाबरवून नाही. त्यामुळे तुमच्या ट्रेनरला पहिला प्रश्न हाच विचारा, कुत्रं चुकलं तर तुम्ही काय करता. उत्तरात चेन, झटका, मान दाबणं, पालथं पाडणं असलं काही आलं की फोन ठेवा.

आता सहा महिने का थांबायचं नाही ते. पिल्लाचं तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचं वय असं असतं की तेव्हा जे दिसेल, ऐकू येईल, हाताळेल ते त्याला "हे आपल्या जगातलंच आहे" असं वाटतं आणि त्यानंतर नवीन दिसणाऱ्या गोष्टीकडे ते आधी संशयाने बघायला लागतं. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरला जॅक्सन लॅबोरेटरी आहे, तिथे फ्रीडमन, किंग आणि इलियट यांनी एक प्रयोग केला, तो १९६१ मध्ये छापून आला. पिल्लं त्यांच्या आईबरोबर मोठ्या कुंपणाच्या मैदानात वाढवली, माणसाचा संपर्क जवळजवळ नाहीच, आणि मग वेगवेगळ्या पिल्लांना वेगवेगळ्या वयात माणसांची ओळख करून दिली. सातव्या आठवड्याच्या आसपास ज्यांची ओळख झाली ती छान रुळली, आणि ज्यांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटलाच नाही ती जंगली जनावरासारखी वागली, नंतर कितीही गोंजारलं तरी नीट जवळ आली नाहीत. हे ताईंनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि खारीच्या वयावरून हिशोब मांडून दाखवला, की तुमच्या हातात आता एवढेच आठवडे आहेत. सहा महिन्यांनी ट्रेनिंग लावलं तर बस-उठ शिकेलच, पण तेव्हा ट्रेनर मुख्यतः भीती काढायच्या कामाला लागलेला असतो आणि ते फार हळू होतं.

पण आपल्याकडे खरी अडचण वेगळीच आहे. व्हेट सांगतात लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर काढू नका, आणि ते बरोबरच सांगतात. पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत, रेबीजचं इंजेक्शन तीन महिन्यांनी. पार्व्हो हा पिल्लांचा उलट्या-जुलाबाचा जीवघेणा आजार, त्याचा विषाणू जमिनीवर, मातीत महिनोन्महिने टिकतो, चपलेला लागून घरात येतो, आणि पार्व्हो झालेलं पिल्लू वाचवणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा. म्हणजे लसी पूर्ण होतात सोळाव्या आठवड्यात आणि शिकायचं दार बंद होतं बाराव्या-चौदाव्यात! लोक पार्व्होच्या भीतीने पिल्लाला दोन महिने बेडरूममध्ये ठेवतात आणि मग चार महिन्यांचं पिल्लू पहिल्यांदा रस्त्यावर येऊन रिक्षाच्या आवाजाने थरथरतं, आणि मग म्हणायचं इंडी घाबरटच असतात. वर ज्या व्हेट्सच्या संघटनेचं लिहिलं तिने २००८ मध्येच सांगून ठेवलंय की पहिली लस आणि जंतांचं औषध झाल्यावर किमान सात दिवसांनी, म्हणजे सात-आठ आठवड्यांच्या वयात, पिल्लाचं सोशलायझेशन, म्हणजे नवीन माणसं, आवाज, जागा यांची ओळख करून देणं, सुरू करता येतं, स्वच्छता बघून. आणि हेही, की तीन वर्षांखालच्या कुत्र्यांच्या मृत्यूचं पहिलं कारण आजार नसून वागणुकीचे प्रॉब्लेम आहेत, म्हणजे चावतो, आवरत नाही म्हणून सोडून दिलेली, मारून टाकलेली कुत्री. ते अमेरिकेचं झालं, पण आपल्याकडे वर्ष-दीड वर्षाची, गळ्यात पट्टा असलेली कुत्री रस्त्यावर का दिसतात याचं उत्तर फार वेगळं नसावं असं मला वाटतं.

यावर ताईंचा उपाय अगदी साधा, पिल्लाला जमिनीवर टेकवायचंच नाही, उचलून न्यायचं. आईंच्या जुन्या सुती साडीची झोळी करून खारीला छातीशी बांधायचं आणि निघायचं. त्या स्वतःसुद्धा येण्याआधी लसीच्या कार्डाचा फोटो मागवतात, चपला दाराबाहेर काढतात, आत आल्यावर आधी हातपाय धुतात, कारण त्या दिवसात चार घरी पिल्लं बघून आलेल्या असतात. एवढी काळजी घेणारी व्यक्ती मी तरी पहिल्यांदा बघितली.

पावसाळा होता, आणि पावसाळ्यात पिल्लू आणलं की काय काय दाखवावं लागतं याचा मी कधी विचारच केला नव्हता. छत्री फट्कन उघडते ती. रेनकोट घातलेला, टोपीने तोंड झाकलेला माणूस. हेल्मेटवाला डिलिव्हरी बॉय. रात्री काठी आपटत शिट्टी मारणारे वॉचमन काका. भाजीची गाडी, भोंग्यावर ओरडणारा भंगारवाला, पीएमटीचा ब्रेक, गरवारे कॉलेजपाशी डोक्यावरून जाणारी मेट्रो, घरातला कुकर, मिक्सर, आईंची कुबडी, गॅस सिलिंडर जिन्यावरून आपटत येतो तो आवाज. प्रत्येक ठिकाणी पद्धत एकच, लांब उभं राहायचं, पनीरचा शेंगदाण्याएवढा तुकडा द्यायचा, खाल्ला तर ठीक, अजून थोडं जवळ. पनीर तोंडासमोर धरूनही घेत नाही म्हणजे ती घाबरलीये, मग कौतुक नको, समजूत नको, आधी मागे सरायचं, ती पुन्हा खायला लागेल एवढं लांब जायचं आणि तिथूनच घरी यायचं. हे माप मला सगळ्यात मोलाचं वाटलं. कारण "सोशलायझेशन करा" असं सगळेच सांगतात आणि लोक पिल्लाला उचलून सरळ गर्दीत नेतात, दहा पोरं अंगावर येतात, पिल्लू गप्प बसतं आणि आपण म्हणतो बघा किती शांत आहे. ते शांत नसतं, गोठलेलं असतं.

ढोलाचं तर मुद्दाम लिहायला पाहिजे. जुलैपासून नदीपात्रात पथकांची प्रॅक्टिस सुरू होते, पुण्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. ताईंनी आम्हाला म्हात्रे पुलाच्या बरंच अलीकडे उभं केलं, ढोल नुसता कानावर पडेल इतक्या लांब, आणि तिथे खारीला तिचं संध्याकाळचं जेवण हातावर दिलं, रोजचंच, काही खास नाही. दर वेळी थोडं पुढे. घरी फटाक्यांच्या आवाजाचा व्हिडिओ अगदी बारीक आवाजात जेवताना लावायचा, आठवड्या-आठवड्याने आवाज किंचित वाढवायचा. गणपतीत मिरवणूक आमच्या खालून गेली तेव्हा खारी बाल्कनीच्या दारापासून उठून आईंच्या पायाशी जाऊन बसली, बस एवढंच. दिवाळीत लवंगी माळा, अनार यांचं काही नाही, सुतळी बॉम्बला दचकली, पण पुढच्या पाच मिनिटांत चघळत बसली होती. आमच्याच बिल्डिंगमधला एक मोठा लॅब्राडॉर त्या दिवसांत पलंगाखालून बाहेर येत नव्हता, जेवत नव्हता, त्याच्या घरच्यांचे हाल बघून फार वाईट वाटलं.

आता ताईंच्या पहिल्या सेशनबद्दल, कारण इथेच मला कळलं की ही बाई वेगळी आहे. मला वाटलेलं येतील, पिल्लाला बस-उठ करतील. त्यांनी खारीला जवळजवळ हातच लावला नाही. आधी घर बघितलं, वायर कुठे, चपलांचा स्टँड कुठे, केराची बादली उघडी आहे का, बाल्कनीच्या गजांमधून डोकं जातंय का. मग आम्हा चौघांना बसवलं आणि प्रत्येकाला वेगळं विचारलं, ती अंगावर उडी मारते तेव्हा तुम्ही काय करता. नवरा म्हणाला मी ओरडतो, मुलगी म्हणाली मी उचलून घेते, मी म्हटलं मी ढकलते, आई म्हणाल्या मी बिस्कीट देते म्हणजे जाते. ताई म्हणाल्या, बघा, तिने नक्की काय शिकायचं यातून? मग ठरलं ते असं की उडी मारली की चौघांनीही झाडासारखं उभं राहायचं, हात छातीशी, बघायचं नाही, चारी पाय जमिनीला लागले की त्याच क्षणी लाड. कामाला येणाऱ्या मावशींनाही पुढच्या भेटीत मुद्दाम बसवून घेतलं, त्यांचा वेळ जातो म्हणून आधी विचारून. शब्दही सगळ्यांचे एकच ठरले, बस, ये, थांब, सोड, चटई, आणि ते फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावले.

आई सुरुवातीला फार राजी नव्हत्या कुत्र्याला. त्यांचं देवघर, सोवळं, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ताई त्यांना समजावत वगैरे बसल्या नाहीत, नुसतं विचारलं तुम्हाला घरात कुठली जागा खारीशिवाय हवी. देवघर आणि स्वयंपाकाचा ओटा. मग त्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं फाटक लावलं आणि खारीला फाटकाच्या अलीकडे चटईवर बसायला शिकवायचं काम आईंनाच दिलं, भिजवलेल्या डॉग फूडचे दाणे एका वाटीत घेऊन. आता सकाळी पूजा चालते तेव्हा ती चटईवर असते आणि हे आईंनी शिकवलंय, आम्ही नाही. ज्यांच्या घरात ज्येष्ठ माणसं असतील त्यांनी हा भाग नक्की मनावर घ्या, त्यांना डावलून पिल्लू वाढत नाही.

आईंवरून आठवलं, प्रसादाचा शिरा. त्यात बेदाणे असतात आणि बेदाणे, द्राक्षं कुत्र्याच्या किडनीला घातक ठरू शकतात, थोडेसुद्धा. कांदा, लसूण, चॉकलेट हेही नाही, आणि शुगर-फ्री च्युइंगमसारख्या गोष्टींत झायलिटॉल नावाचं साखरेऐवजी घालायचं गोड द्रव्य असतं ते तर अजिबात नाही. आमच्या घरात मांसाहार नसतो, त्यामुळे ट्रीट काय द्यायची हा प्रश्न होता. पनीर, गाजर, तिच्याच रोजच्या जेवणातले दाणे आणि आईंनी परवानगी दिली म्हणून उकडलेलं अंडं, एवढ्यावर सगळं ट्रेनिंग झालं.

शी-शूचं थोडक्यात, कारण यावर सगळीकडे लिहिलेलं असतं. झोपून उठली, खाल्लं, खेळून झालं, की लगेच बाल्कनीतल्या मातीच्या ट्रेवर न्यायचं, मध्ये दर दोन तासांनी न्यायचंच, आणि करून झालं की तिथल्या तिथे तुकडा द्यायचा, घरात येऊन डब्यातून काढून देईपर्यंत तिला कशाचं बक्षीस ते कळत नाही. घरात झाली तर काही बोलायचं नाही, पुसून टाकायचं. नाक घासायचं, पेपरची गुंडाळी दाखवायची, याने ती घरात करायचं थांबवत नाही, तुमच्यासमोर करायचं थांबवते आणि सोफ्यामागे जाऊन करते. पुसायला एन्झाइमवालं क्लीनर वापरा, ते वासाचं मूळच तोडतं. अमोनियावालं काही नको, त्याचा वास लघवीसारखाच येतो, आणि फिनाइल पिल्लाच्या पायाला लागून चाटण्यात जातं. सोळा आठवड्यांनंतर पावसात खाली न्यायला लागलो तेव्हा ओल्या गवतावर बसायलाच तयार नव्हती, तेव्हा तोच ट्रे खाली नेऊन ठेवला आणि काम झालं.

चावणं. यावर ताईंनी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि मी पण देते. पिल्लाचे २८ दुधाचे दात सुयांसारखे असतात, चौथ्या महिन्याच्या आसपास पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. या काळात ते चावणारच, राग म्हणून नाही, हाताने आपण जसं चाचपडतो तसं ते तोंडाने करतं. काम आहे ते त्याला जबड्याचा जोर आवरायला शिकवायचं. दात लागले की खेळ थांबला, आपण उठून फाटकापलीकडे गेलो, अर्ध्या मिनिटाने परत. दरवेळी, प्रत्येकाने. आणि चावायला दुसरं काहीतरी हजर हवं, ओल्या सुती फडक्याला गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवायचं, दात शिवशिवतात तेव्हा ते फार उपयोगी पडतं. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास खारी अक्षरशः वेड्यासारखी चावत सुटायची, आम्हाला वाटायचं तिला अजून खेळायचंय, ताई म्हणाल्या हिची झोप झालेली नाही. या वयात पिल्लं दिवसातले अठरा-वीस तास झोपतात, आणि आमच्या घरी मुलगी शाळेतून आली की तिला झोपू देत नव्हती. दुपारी पडदे ओढून तिला तिच्या कोपऱ्यात झोपवायला लागलो आणि संध्याकाळचं चावणं निम्म्यावर आलं.

याच भागात त्यांनी एक गोष्ट फार गंभीरपणे सांगितली, ती इथे तशीच सांगते. पिल्लाचा दात किंवा नख लागून रक्त आलं, तर घरचंच आहे म्हणून सोडायचं नाही. तीन महिन्यांपर्यंत त्याला रेबीजची लस झालेलीच नसते, रस्त्यावर जन्मलेलं असेल तर त्याच्या आईचंही काही माहीत नसतं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरकडे जायचं, इंजेक्शन घ्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, हळद-चुना लावून आपण नाही. मुलीला एकदा ओरखडा आला तेव्हा आम्ही हेच केलं, डॉक्टरांनी पूर्ण कोर्स दिला, मुलगी आणि खारी दोघी मजेत आहेत.

एकटं राहायला शिकवणं हेही पहिल्या आठवड्यापासून. घरात कुणी ना कुणी असतंच म्हणून आम्हाला वाटलेलं गरज नाही, ताई म्हणाल्या अशाच घरातली कुत्री पुढे जास्त रडतात. आई भजनाला जातात तेवढ्या वेळात मी दार लावून जिन्यात उभी राहायचे, आधी मिनिटभर, मग पाच, मग खाली दळण टाकून यायचं. जाताना तिला आतून पोकळ असलेलं रबरी खेळणं द्यायचं, त्यात दही-भात किंवा भोपळ्याचा गर भरून गोठवलेला. आम्ही काँग कंपनीचं पपीवालं घेतलं, मऊ रबराचं, लाल रंगाचं येतं ते मोठ्या कुत्र्यांसाठी कडक असतं. महाग आहे, पण खारीने जीव लावून चावूनही अजून अख्खं आहे. हे खेळणं निघालं कसं माहितीये का, जो मार्कहॅम नावाच्या माणसाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात घासून घ्यायचा, १९७६ मध्ये तो फोक्सवॅगनची व्हॅन दुरुस्त करत होता आणि त्यातला एक रबरी पार्ट कुत्र्याने उचलून चघळायला घेतला, तो आकार बघून त्याने हे बनवलं.

हाताळणीचा सराव रोज दोन मिनिटं, पंजा धर, कान उचलून बघ, ओठ वर कर, नेलकटर नुसता नखाला टेकव, प्रत्येक वेळी तुकडा. व्हेटकडेही नुसतंच जाऊन यायचं, मांडीवरून खाली न उतरवता, वजनकाट्यावर आपला टॉवेल टाकून त्यावर तिला बसवायचं, पनीर खायचं, घरी. आमच्या व्हेटना आधी नवल वाटलं, आता ते स्वतःच इतरांना सांगतात.

आता जे पटलं नाही ते. एक, त्यांच्या नोट्स इंग्लिश पीडीएफमध्ये आहेत, आणि ज्या घरात आजी-आजोबा आणि कामाच्या मावशी पिल्लाजवळ सगळ्यात जास्त असतात तिथे इंग्लिश पीडीएफचा काय उपयोग? सांगितल्यावर त्यांनी आईंसाठी मराठीत व्हॉइस नोट पाठवल्या, त्या उत्तम होत्या, पण हे मागावं लागायला नको होतं. दोन, वेळ. सिंहगड रोडवरून येतात, संध्याकाळचा स्लॉट असेल तर अर्धा-पाऊण तास उशीर धरून चला, आणि तोवर पिल्लू झोपून जातं किंवा चवताळतं. तीन, आणि हे मोठं आहे, हा घरी येऊन घ्यायचा कोर्स आहे, त्यात दुसरी पिल्लं नाहीत. पिल्लू जोर आवरायला सगळ्यात चांगलं दुसऱ्या पिल्लाकडून शिकतं, म्हणूनच इयन डनबार या व्हेटने १९८०च्या दशकात पिल्लांना मोकळं सोडून एकत्र शिकवायचे वर्ग सुरू केले होते. ताईंनी लस झालेल्या दोन पिल्लांशी एकदा भेट घडवून दिली, पण एकदा पुरत नाही. आम्ही मग स्वतः ओळखीतून एका शांत, लस झालेल्या मोठ्या कुत्रीकडे खारीला नियमित नेलं. स्वच्छ हॉलमध्ये लसीचं कार्ड बघून घेणारा ग्रुप क्लास तुमच्या जवळ असेल तर मी म्हणेन दोन्ही घ्या.

आणि हा कोर्स करून काय होत नाही तेही सांगते. खारी आता सात महिन्यांची आहे, बाहेर मांजर दिसलं की "ये" ऐकत नाही, ओढते, बेल वाजली की चटईवर जाते पण जाता जाता दोनदा भुंकून घेते. या वयात हे असतं, ताईंनी आधीच सांगितलेलं, सराव चालू ठेवायचा. पण ती माणसांना घाबरत नाही, तोंडातून काही काढून घेतलं तर गुरगुरत नाही, लिफ्टमध्ये पोरं आली तर खाली बसते. सोसायटीत आधी कुरबूर होती, लिफ्ट वापरू नका वगैरे. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचना आहेत की पाळीव कुत्र्यांना सोसायटी बंदी घालू शकत नाही आणि लिफ्टही नाकारू शकत नाही, त्याची प्रिंट मी काढून ठेवली होती. ती दाखवायची वेळ आली नाही, खारीला बघूनच लोक निवळले.

ज्यांनी पिल्लू विकत घ्यायचं ठरवलंय त्यांना एकच, केंद्र सरकारच्या कुत्र्यांच्या ब्रीडिंग आणि विक्रीबद्दलच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. पाचव्या आठवड्यात "आत्ताच घेऊन जा, लळा लागतो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, आई आणि भावंडांबरोबरचे ते आठवडे कुठलाही ट्रेनर भरून देऊ शकत नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या पीडीएफ आणि ग्रुप क्लासचा कापला. वेटिंग महिनाभराचं असतं, त्यामुळे पिल्लू यायच्या आधीच, म्हणजे आणायचं नक्की झालं त्याच दिवशी ट्रेनर बुक करा. सकाळचा स्लॉट मागा, पहिल्या भेटीला घरातली सगळी माणसं हजर ठेवा, पिल्लाला त्याच्या आधी दोन तास जेवण देऊ नका आणि पनीर शेंगदाण्याएवढं कापून डब्यात तयार ठेवा, सव्वा तासात वाटीभर लागतं.